आत्याचा आवाज परत पाठवा

तंजावर



तुमचं नाव लिहीत नाही, तुमच्या कंपनीचंही नाही. तुम्हाला पहिल्या दोन परिच्छेदांतच कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही. खासगीत पाठवलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

तुम्ही तंजावरला आलात तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता! पुण्याहून माणसं मशिनं घेऊन येतात, मराठी पदं रेकॉर्ड करायची म्हणतात, आणि तीही आमच्या आत्याकडून. ऐंशी उलटलेल्या आत्याने पहाटे उठून दारात स्वतः कोलम घातला. तुम्हाला डवरा-टंबलरमधून कापी दिली. सांबार संभाजीराजांच्या नावावरून का हो, हे तुम्ही विचारलंत तेही हसून घेतलं. महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक जण बृहदीश्वराच्या आधी सांबारच विचारतो.

मे महिना होता. आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. आत्या चिपळ्या घेऊन भिंतीला टेकून बसली. शेजारी कुकरची शिट्टी झाली की तुमचा सहायक हात वर करायचा आणि ती बिचारी चरण पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. तंजावरच्या शहाजीराजांच्या ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ नाटकातला दरू, म्हणजे नाटकातलं गाणं, गायली, मग साक्या, दिंड्या, आजोबांच्या कीर्तनातली पदं. पदर घामाने भिजला तरी थांबली नाही. मध्ये एकदा तो सहायक म्हणाला, “आजी, उच्चार जरा आपल्यासारखे करा ना.” आत्या काही बोलली नाही. मी दाराशी उभी होते, मीही बोलले नाही. पाहुण्याला काय बोलायचं?

मग अल्बम आला. तुम्ही कळवलं नाहीत. चेन्नईच्या भाचीला फोनवर सापडला. आत्याला मध्ये बसवून आम्ही सगळे ऐकायला बसलो. सुरुवातीला चिपळ्या वाजल्या, आत्याच्याच. त्यामागोमाग तिचं घसा खाकरणं आलं आणि ती खुदकन हसली. पुढे गाणं सुरू झालं ते दुसऱ्याच बाईचं. पहिली काही सेकंदं तेवढी आत्याची, वातावरणनिर्मितीला. बाकी सगळ्या अल्बममध्ये ती कुठेही नाही.

गायिकेवर माझा राग नाही. गळा गोड आहे, मेहनत दिसते. पण मृदंग गेला, तबला आणि कीबोर्ड आले. आत्या जो स्वर गमकाने हलता ठेवते तो तुम्ही ताठ उभा केलात. चाल मात्र तिचीच. तिसऱ्या चरणात ती किंचित मागे रेंगाळून मग शब्द उचलते, ती उचलसुद्धा जशीच्या तशी. म्हणजे तुमच्या गायिकेला आत्याचं गाणं पुन्हा पुन्हा ऐकवून बसवून घेतलंत. आणि श्रेयनामावलीत काय? शब्द: पारंपरिक. चाल: पारंपरिक. संगीत संयोजन: तुमचं नाव.

पारंपरिक कसं, सांगा बरं. शहाजीराजे म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव, शिवछत्रपतींचे पुतणे. 1684 ते 1712 तंजावरच्या गादीवर होते. मराठी, तेलुगू, संस्कृत, तमिळ, हिंदी अशा पाच भाषा एकाच नाटकात नांदवणारं ‘पंचभाषाविलास’ त्यांचं. तिरुवारूरच्या त्यागेशावर त्यांची निस्सीम भक्ती, त्यापायी पदांचे ढीग रचले. स्वतः रचायचं आणि ते गायलं-नाचलं जाईल असं बांधायचं, हे आजचे गायक-गीतकार करतात तेच काम राजवाड्यात बसून त्यांनी केलं. त्यांची हस्तलिखितं इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तिथे मराठी पोथ्याच तीन हजारांच्या घरात, मोडीची दफ्तरं वेगळी. नाटकांतल्या दरूंवर राग आणि ताल लिहिलेला सापडतो, कर्त्याचं नावही. छापील प्रत तुम्हीच तिथून विकत घेतलीत, माझ्यासमोर. मुखपृष्ठावरचं नाव तुम्हाला दिसलं नाही असं कसं मानू?

आता चालीचं. राजांची मूळ चाल कुणाकडेही नाही, आम्हीही तसा दावा करत नाही. पोथीत राग-ताल आहे, स्वरलिपी नाही. त्या रागात पद बसवायचं ते गाणाऱ्याने. आत्या गाते ती चाल तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची. ते कीर्तनकार होते. त्यांच्यामागे इथली केवढी परंपरा आहे! समर्थांचे शिष्य भीमस्वामी इथे मठ करून राहिले. मेरुस्वामी इथून निघाले आणि त्रावणकोरला स्वाती तिरुनाळांच्या दरबारी मानाने राहिले. 1860 च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर आले, त्यांचं कीर्तन ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाचा घाट आणि कर्नाटक संगीत एकत्र आणून तमिळ हरिकथा उभी केली. आजही तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अंजनीगीत त्याच नावांनी गातात, अवाक्षर मराठी न कळणारे गातात. त्यांनी नावं बदलली नाहीत. बदल करायला आमचीच माणसं यावी लागली, याचं जास्त वाईट वाटतं.

उच्चारांचंही तेच. व्यंकोजी 1676 च्या सुमारास इथे राज्यावर बसले. तेव्हापासून आम्ही इथे आहोत. शाळा तमिळमध्ये, बाजार तमिळमध्ये, पोरांची लग्नंही आता बऱ्याचदा तमिळ घरांत. तरी घरात मराठी टिकली. ती तुमच्यासारखी कशी असेल? कावेरीचं पाणी प्यायलेली भाषा आहे. आत्याचं मराठी ज्या उच्चारांत टिकलं त्याच उच्चारांत ही पदं टिकली. उच्चार काढून घेतल्यावर तुमच्याकडे ‘तंजावरी’ म्हणून उरलं काय? मुखपृष्ठावरचं गोपुर.

असं वागणारे तुम्ही एकटे नाही, हे मला कळतं. तंजावरच्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. त्यासमोर आमच्या मराठी पाहुण्यांचे फोटो भरपूर निघतात, थांबून दोन ओळी वाचणारा विरळा. त्याच सरफोजींनी एकेका कथेभोवती गुंफलेल्या मराठी नृत्यरचना लिहिल्या. भरतनाट्यमचा आजचा कार्यक्रम ज्यांनी बांधला ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू हे चौघे भाऊ त्यांच्या दरबाराशी बांधलेले. भरतनाट्यम शिकणाऱ्या पुण्यातल्या किती मुलींना हे मराठी साहित्य ठाऊक आहे? दर 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन होतो, सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीता स्वयंवरा’च्या आठवणीत. भाव्यांचा मान त्यांना आहेच. पण त्याच्या दीडशे वर्षं आधीची शहाजीराजांची नाटकं अभ्यासकांच्या पुस्तकांत राहतात आणि सोहळ्यात एका वाक्यात उरकतात. आम्हाला आता याची सवय झाली आहे. सवय नव्हती ती घरात येऊन, जेवून, पाया पडून जाणाऱ्याने असं करण्याची.

भाची तिशीतली आहे, ती माझ्यासारखी रडत बसत नाही. तिने मला टेलर स्विफ्टची गोष्ट सांगितली. त्या बाईच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणं कंपनीच्या मालकीची होती. 2019 मध्ये ती कंपनी विकली गेली आणि कंपनीसोबत ही ध्वनिमुद्रणंही, टेलरच्या मनाविरुद्ध. गाणी रचलेली तिचीच असल्याने तिने 2021 पासून तेच अल्बम नव्याने गायला घेतले, प्रत्येकावर ‘टेलर्स व्हर्जन’ छापून. असे चार काढले. ऐकणारे जुनं सोडून नवं ऐकू लागले. शेवटी 2025 च्या मे महिन्यात तिने मूळ ध्वनिमुद्रणंही विकत घेतली. “आत्याआजीचं व्हर्जन आपण काढू,” भाची म्हणाली. एक दिवस माईकही घेऊन आली.

आत्या बसली. श्रुतिपेटी लावली. पहिला चरण झाला, दुसऱ्याला दम पुरला नाही. तिसऱ्याची ती उचल तर आलीच नाही. भाचीने माईक बंद करून ठेवला. त्या अमेरिकन बाईने हे सगळं केलं तेव्हा ती तिशीत होती, गळा शाबूत होता. आत्याचा गळा शाबूत होता तो त्या मे महिन्यात, आणि तो सगळा तुमच्या हार्ड डिस्कवर आहे. घरात आजोबांच्या आवाजाचं काही उरलेलं नाही, आत्याच्या तरण्या वयातलंही नाही. कीर्तनकाराच्या घरात टेपरेकॉर्डर घ्यायला पैसे असतात असं वाटतं का तुम्हाला?

2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात कलावंताला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क आहे म्हणतात. चिपळ्या आणि खाकरण्याला तो लागू होतो का, हे कायद्याच्या जाणत्यांना विचारावं लागेल. आम्हाला कोर्टकचेरी करायची नाही, आणि पैसे तर तेव्हाही मागितले नव्हते. श्रेयनामावली फोनवर बदलता येते, त्याला काही खर्च नाही असं भाची सांगते. शब्दांपुढे शहाजीराजे लिहा. चालीपुढे आजोबांचं नाव लिहा; ते आत्याने तुम्हाला सांगितलं होतं आणि तुमच्या सहायकाने वहीत उतरवून घेतलं होतं, शुद्धलेखनही विचारून.

आणि त्या दिवसाचं मूळ ध्वनिमुद्रण पाठवा, सगळं. न कापलेलं, कुकरच्या शिट्ट्यांसकट. पेन ड्राइव्हमध्ये घालून पाठवलंत तरी चालेल. पत्ता तुमच्याकडे आहे. दिवाळी अंक पाठवतो म्हणून निघताना लिहून घेतला होतात.

आपली,
आत्याची भाची, तंजावर