निविदा खुली, अटी कुणाच्या?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांची कामे मिळवू पाहणाऱ्या ठेकेदाराला आता निविदेसाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. ई-निविदेमुळे जाहिरात, अनामत रक्कम, तांत्रिक व आर्थिक लिफाफे संगणकावर आले. स्पर्धेचे भवितव्य मात्र अटी ठरतानाच निश्चित होते. अनुभव आणि उलाढालीची अट वाढवली, की छोटा ठेकेदार दर उघडण्यापूर्वीच बाद ठरतो.

कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये, तर ठाण्यात मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे प्रशासनच होते. स्थायी समिती हा त्यावरचा अंकुश खरा; पण ठाण्यातील टक्केवारीची नव्वदच्या दशकात नंदलाल समितीमार्फत चौकशी करावी लागली होती, हेही विसरता येत नाही. म्हणूनच प्रत्येक अट आणि तिचे कारण नागरिकांसमोर यायला हवे.