आधी अर्थ, मग रंग

जुनी गाडी रंगवायला लाखभर रुपये न कुरकुरता देणारा माणूस वायरिंगला दहा हजार म्हटलं की घासाघीस सुरू करतो. कोल्हापुरात उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करताना हे इतकं पाहिलंय की आता त्याचा रागही येत नाही. गाडी पेंटरकडून झळझळीत होऊन येते, फोटो निघतात, घरच्यांना घेऊन पंचगंगा घाटापर्यंत फेरी मारायची ठरते आणि पहिल्याच चौकात कळतं, हॉर्न वाजत नाही. मग ती माझ्याकडं येते. माझं म्हणणं एवढंच आहे की ही गाडी माझ्याकडं रंगाच्या आधी यायला हवी होती. कारण अशा बहुतेक गाड्यांत हॉर्नचा गळा नव्या रंगानंच आवळलेला असतो.

हे लोकांना पटत नाही. रंगाचा आणि विजेचा काय संबंध, असं विचारतात. संबंध असा, की गाडीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत किंवा हॉर्नपर्यंत वायर जाते, पण परत येताना बहुतेक ठिकाणी वायर नसते. चासी, बॉडी आणि इंजिन हे सगळं लोखंडच परतीची वाट असतं. आम्ही त्याला अर्थ म्हणतो. हॉर्न ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी, तिचा बोल्ट, बोल्टाखालचा पत्रा, पत्र्याखालची चासी अशा प्रत्येक सांध्यातून करंट जायचा असतो. कारखान्यातून आली तेव्हा या सांध्यांत लोखंडाला लोखंड भिडलेलं होतं. आता पेंटर गाडी पूर्ण सुटी करतो, प्रत्येक तुकडा घासतो, प्रायमर मारतो, पावडर कोटिंग करतो आणि पुन्हा जोडतो. पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकच. गंजापासून पत्रा वाचतो आणि करंटची वाट बंद होते.

शिरोळकडचे एक शेतकरी जुनी जीप घेऊन आले होते. म्हणाले, "मिस्त्री, डावीकडं वळवली की वाजतोय, उजवीकडं मुका." आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका ठिकाणी हॉर्न बदलला, दुसऱ्या ठिकाणी स्टीअरिंगवरचं बटण. दोन्ही नवं, दोन्ही निर्दोष. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, हॉर्नही ठीक आहे, बटणही ठीक आहे. दोघांच्या मधलं लोखंड रुसलंय."

जुन्या जीपमध्ये हॉर्नला बॅटरीचा करंट आधीपासूनच उभा असतो. बटण दाबल्यावर आपण करंट देत नाही, त्याला परत जायची वाट मोकळी करून देतो. हॉर्नची एक वायर स्टीअरिंगच्या नळीतून बटणापर्यंत येते आणि बटण दाबलं की ती स्टीअरिंगच्या लोखंडाला टेकते. चाक फिरतं, त्यामुळं तिथपर्यंत दोन वायरी नेण्यापेक्षा एकच नेणं आणि परतीला लोखंड वापरणं सोयीचं होतं. युक्ती झकास आहे, पण तिची सगळी भिस्त स्टीअरिंगच्या नळीचा आणि चासीचा संबंध टिकण्यावर आहे. या जीपमध्ये स्टीअरिंग बॉक्सखाली जाड कोटिंग होतं, डॅशबोर्डाजवळच्या पट्टीखाली नवं रबर होतं. मधला रॉड ग्रीसवर तरंगत होता. एका बाजूला वळवला की कुठंतरी टेकायचा, दुसऱ्या बाजूला सुटायचा. बॉक्सच्या बोल्टाखालचा रंग खरवडला आणि नळीपासून चासीपर्यंत एक वायर टाकली. दोन्ही बाजूंना हॉर्न वाजू लागला. जुना काढून पिशवीत ठेवलेला हॉर्नही वाजला.

याच रचनेचा आणखी एक गुण आहे. नळीतल्या वायरीचं कातडं घासून गेलं तर फ्यूज उडत नाही, हॉर्न आपोआप वाजायला लागतो आणि थांबत नाही. पावसाळ्यात मध्यरात्री जुनी जीप बोंबलत उभी असेल तर आधी ती वायर बघावी. बॅटरीची तार काढली की गल्ली झोपते, पण दुखणं जागेवरच राहतं.

आता उपाय म्हणून गॅरेजांत जे चालतं, त्यावर माझा खरा आक्षेप आहे. आवाज बारीक झाला की हॉर्नच्या मागचा स्क्रू फिरवतात. हॉर्नच्या पोटात कॉइल असते, ती पातळ पडदा ओढते, पडदा ओढला की पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पडदा सुटतो, पॉइंट मिटतात. सेकंदाला शेकडो वेळा हे घडतं, त्याचा आवाज होतो. करंट कमी पोचला तर कॉइल पडदा पुरता ओढू शकत नाही, नुसतं "टक" होतं. स्क्रू फिरवून आपण हॉर्नला उपाशीपणी वाजायची सवय लावतो. पुढं कुणी अर्थ नीट केला की त्याच हॉर्नचा आवाज फाटतो.

उपासमार किती होते तेही सांगतो. बारा व्होल्टवर चार अँपिअर घेणारा हॉर्न धरा. गंजलेल्या आणि रंगलेल्या सांध्यांनी वाटेत अर्धा ओहम अडथळा केला, तर जवळपास पावणेदोन व्होल्ट तिथंच जातात. हॉर्न दमतो, पण वाजतो. युद्धकाळातली विलीज जीप सहा व्होल्टची. तेवढ्याच ताकदीचा सहा व्होल्टचा हॉर्न दुप्पट करंट मागतो, आणि तोच अर्धा ओहम सहापैकी जवळपास अडीच व्होल्ट गिळतो. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीत बारीक वायर आणि ढिला बोल्ट अजिबात चालत नाही. तिथं बारा व्होल्टच्या गाडीतली वायर वापरणारा माणूस पैसे वाचवत नसतो.

दुसरा उपाय याहून वाईट. बॅटरीवरून थेट वायर ओढतात, मध्ये फ्यूज नाही, आणि तिच्यावर दुसऱ्या गाडीचा मोठा हॉर्न चढवतात. वाजतो, सगळे खूश. पण ती उघडी वायर मडगार्डाच्या धारेवर घासून एकदा पत्र्याला लागली की बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून जातो. जुन्या गाडीत तिच्या शेजारीच पेट्रोलची नळी असते. परतीच्या वाटेची आणखी एक चूक इंजिनाजवळ होते. इंजिन रबरावर बसवतात, म्हणून त्याला चासीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. ती पट्टी परत लावायला विसरलेल्या गाड्याही माझ्याकडं येतात. स्टार्टर मारला की त्याचा प्रचंड करंट परतीसाठी मिळेल त्या लोखंडातून जातो, आणि बऱ्याचदा ते लोखंड चोकची केबल असते. केबलमधून धूर येतो आणि मालक कार्ब्युरेटर तपासत बसतो.

स्कूटरवाल्यांची कथा वेगळी, पण मूळ तेच. बॅटरी नसलेल्या जुन्या स्कूटरचा हॉर्न इंजिनच्या मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो, म्हणून उभ्या गाडीत तो घुरघुरतो आणि रेस दिली की मोठा होतो. त्याला बिघाड समजून बाजारातला डीसी हॉर्न लावतात. तो धड वाजत नाही, मग बॅटरी येते, मग रेक्टिफायर येतो, आणि शेवटी मूळ वायरिंगचा पत्ता राहत नाही. 1972 मध्ये आलेल्या पहिल्या चेतकांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. नियमांच्या भाषेत त्या व्हिंटेज होऊ शकतात. त्यांच्या पोटातली वायरिंग तशी राहिलेली असो वा नसो.

नियमांचं म्हणाल तर 2021 पासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी, की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. वायरिंगचं नाव त्यात नाही. दुसरीकडं 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत प्रत्येक गाडीला हॉर्न हवा आणि तो कर्कश किंवा अनेक सुरांचा नसावा, असं स्पष्ट आहे. म्हणजे मुका हॉर्नही चालत नाही आणि त्याच्या जागी बसवलेला ट्रकचा प्रेशर हॉर्नही चालत नाही. जुन्या गाडीचा मालक या दोन्हींच्या मध्ये सापडतो, आणि त्यातून सुटायला एक सरळ, खरवडलेला सांधा पुरतो.

काही हौशी मालक उलट टोकाला असतात. मूळ गाडीत नव्हती ती एकही वायर नको, म्हणतात. त्यांचा मी आदर करतो, पण त्यांचं ऐकत नाही. हॉर्नच्या पट्टीपासून चासीपर्यंत काळी वायर घातली तर गाडीचं जुनेपण कमी होत नाही. दोन हॉर्न असतील तर आडोशाला रिले बसवावा आणि बॅटरीजवळ फ्यूज. जुन्या बटणाचे पॉइंट मग हॉर्नचा नाही, फक्त रिलेच्या कॉइलचा नाममात्र करंट उचलतात. ते बटण पुढची कितीतरी वर्षं टिकतं. हवं तेव्हा सगळं काढून गाडी मूळ रूपात आणता येते. कापलेला मूळ लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, मात्र परत आणता येत नाही. मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, तो घाईनं उलटा करू नये. साध्या हॉर्नला त्यानं फरक पडत नाही, पण डायनॅमोला आणि अँपिअर मीटरला पडतो.

तपासायची रीतही सोपी आहे, मालकानं स्वतः करावी. मल्टिमीटरची एक पिन हॉर्नच्या अर्थाच्या टोकावर, म्हणजे बटण अर्थाकडं असेल तिथं स्टीअरिंगच्या नळीवर, आणि दुसरी बॅटरीच्या अर्थाच्या टोकावर ठेवावी. मग बटण दाबावं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर वाट खराब. बटण न दाबता घेतलेल्या आकड्याला अर्थ नाही. मीटरच्या "बीप"वरही विसंबू नये, कारण तारेचा एक केस जोडलेला असला तरी तो बीप वाजतो आणि हॉर्नला तो केस पुरत नाही. सांधा खरवडून लोखंड चकचकीत करावं, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, वर व्हॅसलीन लावावी. रंगाचा हात त्यानंतर.

म्हणून गाडी पेंटरकडं देण्याआधी माझ्यासारख्याला एक दिवस द्या. आम्ही अर्थाच्या जागा खडूनं खुणावून देऊ, पेंटर तिथं टेप लावेल. व्हिंटेज गाड्यांचे मेळावे भरवणाऱ्यांनी रंगाबरोबर वायरिंगलाही गुण द्यावेत. परीक्षकानं बॉनेट उघडावं, हॉर्न वाजवावा आणि वाजताना चाक दोन्ही बाजूंना फिरवून बघावं. आणि मालकांनो, गाडी ताब्यात घेताना रंगाची शेड जशी दिव्याखाली तपासता, तसं इलेक्ट्रिशियनकडून वायरिंगचं चित्र कागदावर मागून घ्या. कुठली वायर कुठं जाते, फ्यूज किती अँपिअरचा आणि अर्थ कुठं घेतला, हे त्यावर लिहिलेलं असलं पाहिजे. ते दिल्याशिवाय बिल चुकतं करू नका, समोर मी असलो तरी.