ट्रेंड ओळखायचा तर भटारखान्यात डोकवा!

हॉटेल व्यवसायाचं प्रदर्शन बघून आलेला माणूस हमखास सांगतो, "यंदा अमुक पदार्थाची चलती आहे." कशावरून? तर त्या स्टॉलवर फुकट चाखायला सगळ्यात जास्त गर्दी होती! मित्रांनो, अशा गर्दीवरून ट्रेंड कळत असता तर आपल्या गॅदरिंगमधल्या पाणीपुरीच्या स्टॉलवरून देशाचं भवितव्य सांगता आलं असतं. माझं मत असं, की उद्या लोक काय आणि कसं खाणार हे बघायचं असेल तर खाण्याचं दालन पटकन उरकावं आणि यंत्रांच्या दालनात दिवस काढावा.

आमचे एक काका रोह्यात खानावळ चालवतात. धाटावच्या एमआयडीसीतले कामगार हे त्यांचं मुख्य गिऱ्हाईक. त्यांच्याबरोबर गोरेगावला नेस्कोत असंच एक प्रदर्शन बघायला गेलो होतो. आत शिरल्या शिरल्या नाचणीचे नूडल्स, नाचणीची बिस्किटं, ज्वारीचे पफ... भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष पाळलं, त्याचा हा प्रताप. वरकस जमिनीवर नाचणी पिकवणाऱ्या रायगडच्या माणसाला ती गोरेगावात चकचकीत पाकिटातून भेटते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. काकांनी एक नूडल तोंडात टाकला, "ठीक आहे," म्हणाले आणि पुढे निघाले.

ते थबकले कॉम्बी ओव्हनपाशी. वाफ आणि कोरडी उष्णता एकाच कपाटात, दोन्हींचं प्रमाण बटणावर. जर्मनीत 1976 साली निघालेलं हे यंत्र. (आपली पोपटी तरी वेगळी काय असते? मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, पाण्याचा थेंब नाही. बाहेरून जाळ आणि आत शेंगांची स्वतःचीच वाफ! असो.) दहा ट्रेच्या ओव्हनला साधारण 19 किलोवॅट लागतात. मी लगेच मनातल्या मनात भागाकार केला. सिंगल फेजवर 80 अँपिअरच्या वर! म्हणजे आधी थ्री फेज घ्या, मग बोला. काकांनी असलं काही विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न, "बिघडला तर दुरुस्तीला माणूस रोह्याला येईल का?"

"पनवेलपर्यंत नक्की येतो, सर."

"मग पनवेलवाल्यांना विका," काका म्हणाले.

ट्रेंड मोजायची याहून चांगली पट्टी मला तरी माहीत नाही. पोस्टर कुठंही पोचतं, मेकॅनिक जिथं धंदा आहे तिथंच पोचतो. 1996 साली भारतात मॅकडोनाल्ड्सचं पहिलं दुकान उघडलं, पण त्याच्या आधी कित्येक वर्षं त्यांची शीतसाखळीची तयारी चालू होती. गार गाड्या, गार गोदामं, माल पुरवणारे कारखाने. त्या काळात कुणी बर्गरऐवजी त्या गाड्यांकडे बघितलं असतं तर त्याला पुढचं सगळं आधीच दिसलं असतं.

आज ती जागा ब्लास्ट चिलरनं घेतली आहे असं मला वाटतं. दिसायला साधं फ्रिजसारखं कपाट. त्याचं काम काय, तर 70 अंशांचं गरम अन्न 90 मिनिटांत 3 अंशांवर आणायचं. अन्न हळूहळू निवलं की मधल्या तापमानात जंतू माजतात. तो टप्पा झटकन ओलांडला की रस्सा दिवसेंदिवस टिकतो, लांबवर जातो, आणि तिकडे नुसता गरम करून वाढता येतो. म्हणजे स्वयंपाक एका गावात आणि ताट दुसऱ्या गावात! चिलरच्या शेजारी व्हॅक्यूम पॅकिंगची यंत्रं, त्याच्या शेजारी तयार ग्रेव्हीच्या पिशव्या. नाचणी असो नाहीतर आणखी काही, नावं बदलत राहतील. ही रांग मात्र वाढतच जाणार.

आता हे आपल्या मुळावर येणार की पथ्यावर पडणार? दोन्ही शक्य आहे. कुठल्या तरी कारखान्यातली पिशवी फोडून रोह्यातच बिरडं वाढलं जाईल आणि स्वयंपाकाच्या बायकांचं काम जाईल. किंवा रोह्याचं बिरडं गार होऊन दादरला जाईल. "आपल्याकडचं कोण घेतंय!" असं म्हणणाऱ्यांनी अलिबागकडच्या रिसॉर्टवाल्यांना विचारावं, थंडीत पोपटीला मुंबईची माणसं येतात की नाही.

अडचण वेगळीच आहे. बिरड्याला वाल भिजवायचे, मोड आणायचे आणि एकेक सोलायचा. बायका तासन् तास बसून हे करतात आणि त्याची मजुरी कुणी धरत नाही. वाल सोलायचं यंत्र आहे का, असं मी त्या दालनात स्टॉलमागून स्टॉल विचारत फिरलो. बटाटा, लसूण, वाटाणा सगळ्यांची होती. मोड आलेल्या वालाचं एकाकडेही नव्हतं! एकानं तर "वाल म्हणजे?" असं विचारलं. कोमट पाण्यात साल सैल होते हे खरं, पण रोलरचा दाब जरा जास्त झाला की डाळिंबी दुभंगते आणि मोड तुटतो. दाब किती, रबर कसलं, वेग किती, हे कुणीतरी बसून ठरवायला हवं. मेकॅनिकलमधल्या कुणाला फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय सापडत नसेल तर सांगा. वाल मी आणून देतो. भिजवून, मोड आणून.