बायकोचा पगार, नवऱ्याचा टॅक्स

मार्च जवळ आला की मला फुकट कॉफी पाजणारे मित्र वाढतात. परवा असाच एक जण बायकोला घेऊन डेक्कनवर भेटला. नोकरी सोडून त्याने प्रायव्हेट लिमिटेड काढलीये. 99 टक्के शेअर्स त्याचे, नावापुरता एक टक्का आईचा. वर्षाचं करपात्र उत्पन्न 24 लाख.

"सोप्पं आहे रे," तो म्हणाला. "12 लाख पगार मला, 12 हिला. दोघांचाही टॅक्स झीरो!"

गणित बरोबर होतं. 2025-26 च्या नव्या कररचनेत 24 लाखांवर सेससकट 3 लाख 12 हजार टॅक्स बसतो. 12 लाखांवर मात्र रिबेटमुळे शून्य.

पण मंडळी, ही आयडिया आपल्याआधी कित्येक नवऱ्यांना सुचलेली आहे, आणि आयकर खात्याला तोंडपाठ आहे. कंपनीत तुमचा, किंवा नातेवाइकांसह मिळून, 20 टक्के किंवा जास्त मतदानाचा हक्क असेल, तर त्या कंपनीतून बायकोला (किंवा नवऱ्याला!) मिळणारा पगार तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. याला म्हणतात क्लबिंग. 1961 च्या कायद्यात हे कलम 64 मध्ये होतं. 1 एप्रिल 2026 पासून लागू होणाऱ्या 2025 च्या कायद्यातही ते कायम आहे. आपल्या नावावरचे शेअर्स बायकोला भेट दिले, तर त्यावरचा डिव्हिडंडही फिरून तुमच्याच खात्यात!

सूट एकच. जोडीदाराकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी, आणि पगार निव्वळ त्या ज्ञानाचा आणि अनुभवाचा मोबदला हवा. नुसतं कागदावर नाव घातलं आणि पकडले गेलात, तर टॅक्स, व्याज आणि वर दंड. मुद्दाम खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट.

मित्राचा चेहरा पडला. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी काहीच करत नाही, असं धरूनच चाललात का दोघं?"

तेव्हा कळलं, वहिनी सीए इंटर आहेत. सहा वर्षं एका फर्ममध्ये होत्या, बाळ झाल्यावर नोकरी सोडली. गेली दोन वर्षं बाळ झोपलं की कंपनीचं बिलिंग, जीएसटी रिटर्न, टीडीएस, पोरांचे पगार... सगळं त्याच बघतात. फुकट!

आता कॉफी मी मागवली. म्हटलं, बाहेरचा माणूस ठेवला तर या कामाचे किती देशील? तो म्हणाला, महिना 50 हजार. मग तेवढेच दे. जास्त दिलेस तर जादाचा खर्च कंपनीला नाकारला जाऊ शकतो. अपॉइंटमेंट लेटर काढ, पगार दरमहा बँकेतून दे, फॉर्म 16 दे, काम त्यांच्या ईमेलवरून होऊ दे. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला पुरावा हवा.

वर्षाचे सहा लाख वहिनींचे, त्यावर टॅक्स शून्य. मित्राचे उरले 18 लाख, टॅक्स 1 लाख 66 हजार 400. म्हणजे 1 लाख 45 हजार 600 वाचले, तेही रात्री शांत झोप लागेल अशा मार्गाने.

"चला, जमलं," म्हणत मित्राने खिशात हात घातला. "हिचं खातं आहेच, कार्ड माझ्याकडे असतं."

वहिनींनी टेबलावर हात पुढे केला. काही बोलल्या नाहीत.

त्याने पाकीट उघडलं, कार्ड काढून दिलं. बिलही त्याच कार्डावर, वहिनींनी भरलं.

तुमच्या घरी जोडीदार पगारावर असेल, तर आज एवढंच तपासा: काम कुणाचं, पात्रता कुणाची, आणि कार्ड कुणाच्या पाकिटात?