इंजेक्शन आठवड्याचे, ताट रोजचे

वजन घटविणारी आठवड्याची इंजेक्शने आता मध्यमवर्गीय घरांतही येऊन पोहोचली आहेत. टिर्झेपटाइड हे घटक असलेले ‘मौंजारो’ मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइड असलेले ‘वेगोव्ही’ जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. तेव्हापासून दोन परस्परविरोधी स्वर ऐकू येतात. एक म्हणतो, ‘आता काहीही खा, इंजेक्शन आहेच.’ दुसरा स्वर आपल्याच विचारपरिवारात अधिक घुमतो : ‘हे सारे पाश्चात्त्यांचे थेर. आपल्याकडे उपवास आहेत, त्रिफळा आहे, सूर्यनमस्कार आहेत, औषध कशाला?’ पहिला स्वर बेफिकिरीचा आहे, हे सांगण्याची गरज नाही. परंतु दुसऱ्या स्वरामागेही विचारापेक्षा आत्मसंतुष्टताच अधिक आहे, हे थोडे कठोर वाटले तरी सांगितले पाहिजे.

प्रश्न काल्पनिक नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, तर जवळजवळ ३९ टक्के प्रौढांच्या पोटाभोवती आरोग्याला घातक अशी चरबी आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून जगाला दाखवून दिले की, भारतीय शरीर वरवर सडपातळ दिसले तरी त्यात स्नायू कमी आणि मेद अधिक असतो. म्हणजेच ‘मी काही फार जाड नाही’ हे समाधान आपल्याला परवडणारे नाही.

स्थूलपणा म्हणजे केवळ आळस आणि जिभेचे चोचले, असे मानून रुग्णाला हिणविण्याची सवय आपल्याकडे रुजली आहे. ज्या परंपरेचा आपण दाखला देतो, तिचे मत मात्र वेगळे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१व्या अध्यायात स्थौल्याची कारणे सांगताना गुरू व मधुर आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप यांबरोबरच बीजस्वभाव, म्हणजे जन्मजात प्रकृती, हेही कारण नोंदविले आहे. ज्याला चरकाचार्यांनी उपचारयोग्य विकार मानले, त्यावर नवे औषध घेणाऱ्याला धर्मभ्रष्ट ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

शिवाय या औषधाचे मूळ तत्त्व परदेशातून आलेले नाही. ते प्रत्येकाच्या पोटातच आहे. अन्न आतड्यात उतरले की आतड्याच्या आवरणातील विशिष्ट पेशी ‘जीएलपी-१’ नावाचे संप्रेरक स्रवतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याचा संकेत देते, जठरातील अन्न पुढे सरकण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला तृप्तीचा निरोप पोहोचविते. नैसर्गिक संप्रेरक काही मिनिटांतच नष्ट होते. औषध मात्र त्याच्यासारखे काम आठवडाभर करीत राहते. गुण यातच आहे आणि त्रासाचे मूळही यातच.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के घटले. परंतु त्याच चाचणीत ४४ टक्के लोकांना मळमळ, सुमारे ३१ टक्क्यांना जुलाब, तर जवळपास २३ टक्क्यांना बद्धकोष्ठाचा त्रास झाला. बहुतेकांचा त्रास सौम्य होता आणि मात्रा हळूहळू वाढविल्यास तो कमी होतो. तरीही प्रश्न उरतो : अन्न आधीच मंदगतीने पुढे जात असताना आपण जठरात काय ढकलतो? लग्नातील तळणाची पंगत आणि वर सोड्याची बाटली, हा भार त्या मंद जठराला सोसवत नाही. आंबट ढेकरा, फुगलेले पोट आणि उलटी हे त्याचे फळ. दोष इंजेक्शनला दिला जातो. ताटाची चौकशी कोणी करीत नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. भूक कमी झाली की माणूस चार घास खाऊन उठतो. ते चार घास भाताचे आणि बिस्किटांचे असले, तर शरीराला प्रथिने मिळत नाहीत आणि आतड्यातील उपकारक जीवाणूंना तंतुमय अन्न मिळत नाही. वजनाचा काटा खाली जातो. पण त्यात मेदाबरोबर स्नायूही झिजतात. ज्या समाजाची मूळ उणीवच स्नायूंची आहे, त्याच्यासाठी हा सौदा महागाचा आहे.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. मात्र तो योजनापूर्वक वापरावा लागतो. ताट लहान असावे आणि जेवणाची सुरुवात डाळ, मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ, पनीर, खात असल्यास अंडे वा मासे, यांनी व्हावी. भाकरी-भात त्यानंतर. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबावे. ‘आणखी एकच पोळी’ हा आग्रह अशा घरात बंद झाला पाहिजे. दिवसाकाठी सुमारे ३० ग्रॅम तंतुमय घटक हे उद्दिष्ट ठीक, पण ते एका दिवसात गाठू नये. दुधी, पडवळ, पपई, पेरू, ज्वारीची भाकरी यांचे प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावे आणि त्याबरोबर पाणीही. इसबगोल हे आपल्याच गुजरात-राजस्थानच्या मातीतील उत्तम द्रव्य. परंतु ते पुरेशा पाण्यावाचून घेतले तर उपकाराऐवजी अडथळा होतो. जेवणानंतरची शतपावली आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे औषधाइतकेच आवश्यक मानावे.

घरी विरजलेल्या दह्याच्या पातळ ताकाचे स्थान या ताटात नक्कीच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ सालच्या एका अभ्यासात आंबविलेल्या पदार्थांमुळे आतड्यातील जीवाणूंचे वैविध्य वाढल्याचे आढळले. पण तो केवळ ३६ निरोगी माणसांचा लहान अभ्यास होता, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. ताक गुणकारी आहे म्हणून ते सर्व रोगांवर उतारा आहे, असे म्हणणे हा परंपरेचा गौरव नव्हे, तिची जाहिरात आहे.

आता उपवासाविषयी. संयमासाठी सांगितलेल्या व्रताचे आपण साबुदाणा, तूप आणि शेंगदाण्यांच्या मेजवानीत रूपांतर केले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने आणि तंतू नाममात्र. भगर, राजगिरा, फळे, ताक हा पर्याय त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा. इंजेक्शन घेणाऱ्याने निर्जळी उपवास तर टाळलाच पाहिजे. आधीच तहान-भूक मंदावलेल्या शरीरात पाणी कमी पडले, त्यात उलटी-जुलाबांची भर पडली, तर मूत्रपिंडांवर आघात होऊ शकतो. सोबत इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरण्याची भीती असते. घरातील सूनबाईंनी किंवा आजोबांनी एकादशी मोडली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आजाऱ्याला व्रतातून सूट देण्याइतका आपला धर्म नेहमीच उदार राहिला आहे.

काही गोष्टी मात्र घरगुती उपायांच्या कक्षेबाहेरच्या आहेत. पाठीकडे जाणारी तीव्र पोटदुखी स्वादुपिंडाच्या दाहाची, तर उजव्या कुशीतील कळ किंवा डोळे पिवळे होणे पित्ताशयातील खड्यांची खूण असू शकते. वजन झपाट्याने घटताना असे खडे होण्याचा संभव वाढतो. न थांबणारी उलटी, पोट फुगून शौच आणि वायू दोन्ही बंद होणे, अशा वेळी ओवा-हिंगाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया ठरली असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांना या औषधाची कल्पना द्यावी. त्रिफळा किंवा अन्य चूर्ण घेत असल्यास तेही लपवू नये. आणि चिठ्ठीवाचून, मैत्रिणीच्या सल्ल्याने किंवा लग्नाच्या तारखेवर डोळा ठेवून हे औषध घेणे हा निव्वळ अविचार होय.

सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यानंतरच्या काळासाठी स्वदेशी कंपन्यांनी आधीपासूनच तयारी केली. औषध स्वदेशी आणि स्वस्त होणे ही स्वागतार्ह गोष्ट. पण स्वस्ताईबरोबर बेफिकिरीही स्वस्त होते. इंजेक्शन थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे चाचण्यांतून दिसले आहे. औषधाच्या काळात ताट बदलले नाही, तर पैसा जाईल आणि पोट परत येईल.

संघाच्या शताब्दीनिमित्त ‘पंचपरिवर्तना’ची चर्चा आपण करतो. त्यातील स्वबोध आणि कुटुंब प्रबोधन यांचा आरंभ व्याख्यानमालेतूनच व्हावा असे नाही. घरात एकाला हे इंजेक्शन सुरू झाले, तर त्याच्यासाठी वेगळे पथ्याचे पातेले चढवून बाकीच्यांनी भजी तळू नयेत. सर्वांचेच ताट बदलावे. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मधील ‘मन की बात’मध्ये खाद्यतेल १० टक्के कमी करण्याचे आवाहन केले होते. ते आपल्या घरात किती पाळले गेले, याचा हिशेब किराणा सामानाच्या यादीत सहज सापडेल. आज रात्री ती यादी सर्वांनी मिळून एकदा वाचावी.