टेकडी आणि घड्याळ

पन्नाशी गाठली आणि डॉक्टरांनी पळायला सांगितले. दोन महिने डांबरी रस्त्यावर पळालो. १० मिनिटांत दीड किलोमीटर! त्या ऐटीत एका रविवारी चिरंजिवांबरोबर पुण्याच्या वेताळ टेकडीवर गेलो. तिथेही नजर मनगटावरच. उतारावर सुटा मुरूम सरकला आणि स्वारी घोटा मुरगळून खाली बसली. मग तीन आठवडे पायाला पट्टी आणि कानांना सौ.चे टोमणे!

“बाबा, इथं घड्याळ नाही, वाट बघायची,” चिरंजीव म्हणाले.

वाचकहो, खरेच आहे ते. रस्त्यावर पाऊल दर वेळी सारखे पडते. वेग राखता येतो, पण तोच ताण त्याच स्नायूंवर हजारो वेळा येतो. टेकडीवर प्रत्येक पाऊल निराळे. घोटे, पोटऱ्या, तोल, सगळ्यांनाच काम. म्हणून तिथे किलोमीटर मोजू नयेत, फार तर अर्धा तास ठरवावा. चढ खुशाल चालत चढावा, उतारावर पावले आखूड टाकावीत.

आता दोन दिवस रस्ता, रविवारी टेकडी. परवा चढावर धापा टाकीत मागे राहिलो. वर पाहतो तो चिरंजीव माझीच वाट बघत उभे!