जाकीट होडीत आहे, अंगावर नाही

बंगळुरूला समुद्र नाही. वृषभावती आहे, पण तिला नदी म्हणण्यास आज धैर्य लागते. अशा शहरात निवृत्तीनंतरचे दिवस काढणाऱ्या माणसाने पाण्यात तरंगण्याच्या साधनांविषयी लिहावे, हे वाचकांना किंचित विचित्र वाटेल. मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये याच शहरात बाह्य वर्तुळ मार्गालगतच्या श्रीमंत वसाहतींतून माणसांना रबरी होड्यांतून आणि ट्रॅक्टरांवरून बाहेर काढावे लागले होते. त्या दिवसांत पाहिलेले एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. होडी ढकलणाऱ्या जवानांच्या अंगावर नारिंगी जाकिटे होती. होडीत बसवलेल्या वृद्ध स्त्रीच्या मांडीवर तिची पिशवी होती, अंगावर काहीच नव्हते. ज्याला पोहता येते त्याला जाकीट आणि ज्याला येत नाही तो मोकळा, असा हा उलटा हिशेब आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की तो कोणाच्या नजरेतही भरत नाही.

मागच्या काही वर्षांतील दुर्घटना आठवून पाहा. २१ जानेवारी २०१९ रोजी कारवारजवळच्या कूर्मगड बेटावरील नरसिंह जत्रेहून परतणारी होडी उलटली आणि १६ जण बुडाले. त्याच वर्षी ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या महापुरातून गावकऱ्यांना सुरक्षित स्थळी नेणारी ग्रामपंचायतीची होडी उलटली. १७ जण गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीस आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका यांचा अंत झाला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांनी प्राण गमावले. ‘नीलकमल’चा परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशी यांचा होता, बोटीत शंभराहून अधिक माणसे होती. प्रत्येक वेळी कारणे निरनिराळी. कोठे गर्दी, कोठे प्रवाह, कोठे निव्वळ बेपर्वाई. मात्र बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात येणारे वाक्य बहुधा एकच असते : बहुतेक प्रवाशांनी लाइफ जॅकेट घातलेले नव्हते. त्यानंतर दुसऱ्या दिवशी जाकीट सक्तीचे असल्याचा आदेश निघतो, धक्क्यावर छायाचित्रे काढली जातात, आणि महिन्याभरात जाकिटे पुन्हा बाकाखाली जातात.

या चक्रास केवळ लोकांची बेफिकिरी जबाबदार आहे, असे मला वाटत नाही. त्यात माझ्यासारख्यांचाही वाटा आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

सेवेत असताना किनारपट्टीवरील एका जिल्ह्यात मी आपत्ती निवारणासाठी ५०० जाकिटांच्या खरेदीवर सही केली होती. मागणीपत्रात लिहिले होते : फोमचे, नारिंगी, शिट्टीसह. ते किती वजन तोलून धरेल, बेशुद्ध माणसास उताणे करील की नाही, लहान मुलांच्या मापाचे किती नग हवेत, यांपैकी एकही शब्द त्यात नव्हता. न्यूनतम दराची निविदा मंजूर झाली, माल आला, जडसंग्रह नोंदवहीत चढला. लेखापरीक्षकांनी नगांची संख्या मोजली आणि ती बरोबर भरली. पावसाळ्याच्या तोंडावर एका जुन्या नावाड्याने त्यातले एक हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि तो म्हणाला, “साहेब, हे माझ्या नातवाला घालून पाण्यात सोडा. जाकीट वर येईल, पोर खाली जाईल.” आम्ही मुलाऐवजी वाळूचे पोते बांधून पाहिले. त्याचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. मी त्या प्रकाराची टिपणी लिहिली. पण खरेदी रद्द केली नाही, कारण वर्षाअखेरीस निधी परत गेला असता. पुढे काही वर्षांनी ती जाकिटे ‘जीर्ण’ म्हणून निर्लेखित झाली. त्यांपैकी किती कधी भिजली होती, हे मला ठाऊक नाही.

नावाड्याने जे एका दृष्टिक्षेपात ओळखले, त्याचे शास्त्र फारसे अवघड नाही. माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ निर्भार होते. प्रश्न असतो तो डोके पाण्याबाहेर धरून ठेवण्याचा. त्यासाठी सुमारे ५ किलो वजन तोलणारे, म्हणजे ५० न्यूटनचे प्लावक बल पुरते. पण केव्हा? माणूस शुद्धीत असेल, त्याला पोहता येत असेल आणि मदत हाकेच्या अंतरावर असेल तेव्हा. आंतरराष्ट्रीय मानकांत ५० न्यूटनच्या साधनास ‘लाइफ जॅकेट’ म्हणतच नाहीत. ते तरंगण्यास साहाय्य करणारे साधन मानले जाते. शांत पाण्यासाठी १०० न्यूटन, खुल्या समुद्रासाठी १५०, आणि जड पोशाखात काम करणाऱ्यांसाठी २७५, अशी चढती श्रेणी आहे. आपल्या तलावांवर आणि नद्यांवर दिसणारी बहुतेक पातळ जाकिटे रूपावरून पहिल्या वर्गातली, किंवा कोणत्याच वर्गातली नव्हेत. कित्येकांवर आकडाच नसतो. पोहता न येणाऱ्या देशाला आपण पोहणाऱ्यांचे साधन वाटत आहोत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा फोम कोठे बसवला आहे. तो छातीवर आणि मानेभोवती अधिक असेल तर शरीर उताणे होते. पाठीवर तितकाच भरला तर बेशुद्ध माणूस पालथाच तरंगत राहतो आणि जाकिटासह बुडून मरतो. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या ब्रिटिश वैमानिकांबाबत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. एडगर पास्क नावाच्या भूलतज्ज्ञाने तेव्हा स्वतःला भूल देऊन घेतली आणि निरनिराळी जाकिटे चढवून आपले अचेतन शरीर तलावात सोडू दिले. कोणते जाकीट तोंड पाण्याबाहेर ठेवते, हे त्याशिवाय कळणार कसे? बेशुद्ध माणसास ५ सेकंदांत उताणे करावे आणि त्याचे तोंड पाण्यापासून १२० मिलिमीटर वर ठेवावे, हा पुढे सागरी नियमांत आलेला निकष त्याच विचारपरंपरेतला आहे.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मला या साधनाचा प्रवास नेहमीच मोहवतो. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातील असिरियन शिल्पपटांत फुगवलेल्या कातड्यांच्या आधारे नदी ओलांडणारी माणसे कोरलेली आहेत. १५३९ मध्ये चौसाच्या पराभवानंतर गंगेत बुडणाऱ्या हुमायूनला निजाम नावाच्या भिश्त्याने आपल्या मशकीवर तारले आणि बक्षीस म्हणून काही काळ सिंहासनावर बसण्याचा मान मिळवला. बेळगावजवळच्या आमच्या गावात आम्ही विहिरीत पोहायला शिकलो ते वाळलेला भोपळा पाठीला बांधून. सांगड घालणे हा वाक्प्रचार ज्या सांगडीवरून आला, तीही भोपळ्यांची किंवा ओंडक्यांची जोडणीच. म्हणजे तरंगण्याची कला आपल्याला परकी नाही. परकी आहे ती तिची कसोटी घेण्याची सवय.

ती सवय इतरांनाही सहज लागलेली नाही. फेब्रुवारी १८६१ मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात बचावनौका उलटून १३ पैकी १२ खलाशी बुडाले. वाचलेला हेन्री फ्रीमन हा बुचाच्या नव्या पद्धतीचे जाकीट घातलेला एकमेव माणूस होता. १९०४ मध्ये न्यूयॉर्कला ‘जनरल स्लोकम’ ही सहलीची आगबोट पेटली. पट्टे होते, पण आतल्या बुचाचा भुगा झालेला. नियमात बुचाचे वजन ठरवून दिले होते, म्हणून काही पट्ट्यांत ते भरून काढण्यासाठी लोखंडी तुकडे घातल्याचे उघडकीस आले. हजाराहून अधिक माणसे, बहुतांश स्त्रिया आणि मुले, त्या दिवशी गेली. निविदेतील शब्द पाळून निविदेचा हेतू बुडवण्याचे याहून भयंकर उदाहरण माझ्या वाचनात नाही. आपल्याकडे ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी गेले. स्वातंत्र्याच्या धामधुमीत ती आठवण मागे पडली. कोकणातील घरांत मात्र ती अजून जिवंत आहे.

आता प्रश्न वापराचा. लोक जाकीट का घालत नाहीत, हे धक्क्यावर उभे राहून पाहिल्यास पाच मिनिटांत कळते. ते ओले आणि कुबट असते. एप्रिलच्या उकाड्यात ते अंगावर घेणे शिक्षा वाटते. बकल तुटलेले असते. सर्वांना एकच माप असते आणि ते कोणालाच बसत नाही. बाकावर उशी म्हणून वापरल्याने फोम दबून पातळ झालेला असतो. मुलांच्या बाबतीत तर पायांमधून घ्यायचा पट्टा नसेल तर जाकीट कानांपर्यंत वर सरकते आणि मूल त्यातून निसटते. हाच पट्टा स्त्रियांच्या पोशाखाशी जुळत नाही. नऊवारीत एक वेळ जमेल, पाचवारीत नाही. आणि लुंगीतही नाही. हे किरकोळ तपशील वाटतील, पण कूर्मगडच्या जत्रेला किंवा ब्रह्मनाळच्या पुरात लोक ट्रॅकसूट घालून होडीत चढत नाहीत. मच्छीमारांची अडचण आणखी वेगळी : फुगीर जाकीट जाळे ओढताना आड येते, दोरात अडकते. त्यांना हवे आहे कामाच्या अंगरख्यासारखे, घाम सुकू देणारे काहीतरी. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. त्यांच्यासाठी साधन घडवणे कोणी मनावर घेतलेले नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक आकडेवारीतही हौशी नौकाविहारात बुडालेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर जाकीट नसते. तेथे पैशाची टंचाई नाही. म्हणजे वापर हा साधनाच्या रचनेचाच भाग मानावा लागतो.

सरसकट सक्ती हेही उत्तर नव्हे, हे येथे मान्य केले पाहिजे. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूरला २२ जण बुडाले ती दुमजली बोट होती. बंदिस्त जागेत फोमचे जाकीट माणसाला छताशी दाबून धरते आणि खाली वाकून दाराबाहेर पडू देत नाही. १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलेल्या इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानात अनेकांनी जाकिटे आतच फुगवली आणि ते अडकून पडले. तेव्हा झाकलेल्या बोटीत जाकिटापूर्वी प्रश्न दारांचा, वरच्या मजल्याचा आणि गर्दीचा आहे. शिवाय देशात बुडून होणारे बहुसंख्य मृत्यू होडीत होतच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साठी बुडण्याचे ३८ हजारांहून अधिक मृत्यू नोंदवले. त्यांत विहिरी, तळी, ओढे यांचा वाटा मोठा आहे. जाकीट त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. पण जेथे तिकीट काढून किंवा सरकारी होडीत बसून माणूस पाण्यावर जातो, तेथे तरी राज्यसंस्थेला हात झटकता येत नाहीत.

कायद्याची चौकट अगदीच रिकामी नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये होडी सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आणि बिनयांत्रिक होड्यांच्या नोंदणीची जबाबदारी स्थानिक पातळीपर्यंत आली. पण तपासणीच्या तक्त्यात रकाना असतो तो ‘जाकिटे : संख्या’ असा. हेल्मेटच्या बाबतीत या शहराने हाच खेळ पाहिला आहे. दंड चुकवण्यापुरती अर्धी टोपी डोक्यावर ठेवणारे दुचाकीस्वार बंगळुरूच्या प्रत्येक चौकात सापडतात. तरी तेथे केंद्राने १ जून २०२१ पासून मानक चिन्हाविना दुचाकीच्या हेल्मेटची विक्रीच बेकायदा ठरवली. प्रवासी होडीवरील जाकिटाला तोच न्याय लावावा आणि त्याच्या पाठीवर प्लावक बल, माप आणि निर्मितीचे वर्ष मोठ्या देवनागरी किंवा स्थानिक लिपीतील अक्षरांत असावे. आंतरराष्ट्रीय सफरीच्या प्रवासी जहाजांवर प्रवासीसंख्येच्या किमान १० टक्के जाकिटे मुलांच्या मापाची असावी लागतात. शाळांच्या सहली नेणाऱ्या तलावांवर हे प्रमाण कितीतरी अधिक हवे.

आणि रचनेचे काय? ज्या शहरात मी हे लिहितो आहे, तेथे संरक्षण संशोधन संस्थेची ‘डेबेल’ ही प्रयोगशाळा लढाऊ वैमानिकांच्या जीवरक्षक प्रणालींवर काम करते. भारतीय विज्ञान संस्थेत उत्पादन-रचनेचा स्वतंत्र विभाग आहे, राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे केंद्र आहे, आणि घरपोच किराणा दहा मिनिटांत पोहोचवण्यावर अहोरात्र डोके चालवणारे हजारो अभियंते आहेत. साडीवर बसेल, उन्हात सोसेल, धुता येईल आणि नावाड्याला परवडेल असे १०० न्यूटनचे जाकीट हा त्यांच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न खचितच नाही. त्याला गिऱ्हाईक नाही, एवढेच. कारण मोठे गिऱ्हाईक सरकार आहे आणि सरकार दर विचारते. राज्यांनी एकत्र येऊन कसोटी ठरवावी, त्या कसोटीस उतरलेल्यांमध्येच दरांची तुलना करावी, आणि कसोटी कागदावर न ठेवता पाण्यात घ्यावी. दरवर्षी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी, प्रत्येक तालुक्याच्या गोदामातून पाच जाकिटे न सांगता उचलून जवळच्या तळ्यावर न्यावीत, त्यांना वाळूचे पोते बांधावे आणि तहसीलदारांनी काठावर उभे राहून पाहावे. त्यास अर्धा दिवस लागतो. आम्हाला तेवढाही लागला नव्हता.